चिमूटभर रोटेनोन

पहिल्याच दिवशी शिडवाभाऊंनी मला माझ्याच प्रयोगशाळेतून बाहेर काढलं. मी नवीकोरी प्राध्यापिका, अंगावर कडक इस्त्रीची साडी, हातात हजेरीपट. आत शिरल्या शिरल्या उकडलं म्हणून पंख्याचं बटण दाबलं, तर कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, पंखा बंद करा आनि भायेर जावा."

"अहो, मी इथली नवीन मॅडम आहे," मी म्हटलं.

"आसाल. काटा हालतो."

काचेच्या पेटीतल्या जुन्या तराजूपुढे एक किडकिडीत, काळासावळा माणूस श्वास रोखून बसला होता. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मी मुकाट्यानं पंखा बंद केला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. दहा मिनिटांनी दार उघडून तोच माणूस म्हणाला, "या आता. चहा घेनार?" मी मनात म्हटलं, हे प्रकरण आपल्याला जड जाणार बरं का!

शिडवाभाऊ गेले त्याला आता वर्ष होत आलं. डहाणूच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. घर तलासरी तालुक्यातल्या झरीला. थोडी भातशेती, उतारावर जरा नागली. रोज सकाळी मिळेल त्या जीपनं तलासरी गाठायचे, तिथून एसटीनं डहाणू. साडेदहाला मी पोहोचायची तेव्हा टेबलं पुसून, टाक्यांचं पाणी बदलून हा माणूस निवांत बसलेला असायचा. भातलावणीची चार दिवसांची रजा सोडली तर त्यांची गैरहजेरी मला आठवत नाही.

शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चिमटा असायचा. तराजूची बारीक वजनं उचलायचा तो चिमटा घेऊन ते जेवायलाही बसायचे. बोलणं मोजकं. मुलांनी विचारलं, "भाऊ, हे प्रॅक्टिकल बरोबर आलं का?" की ठरलेलं उत्तर, "पान्याला इचारा." म्हणजे टाकीत बघा, माझ्या तोंडाकडे काय बघता. मलाही तेच उत्तर मिळायचं. मी तापट. माझं डोकं फिरलं की ते शांतपणे बाटल्या पुसत बसायचे, आणि मी ओरडून ओरडून दमले की म्हणायचे, "झालं? आता कामाचं बोलूया."

मग मी पीएच.डी. करायचं मनावर घेतलं. मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात एक बोटभर तपकिरी बाटली आली. वर कवटीचं चित्र. शिडवाभाऊंनी ती उजेडात धरून पाहिली.

"काय हाय ह्यात?"

"रोटेनोन. एका वेलीच्या मुळांतून काढतात. आपल्या पेशीत ताकद तयार होते ना, ते कामच हे बंद पाडतं."

त्यांनी मान डोलावली. कळलं नव्हतं, पण मला वाईट वाटू नये म्हणून डोलावली. कळलं ते चार दिवसांनी, पहिली टाकी लावली तेव्हा. थोडं द्रावण सोडलं आणि जरा वेळानं गप्पी मासे वर आले, पाण्याच्या वरच्या थराशी तोंड उघडमीट करायला लागले, मग एकेक करून कलंडले. शिडवाभाऊ हसले. त्यांना इतक्या मोठ्यानं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"बाई, ह्ये तं आमचंच काम! आमी नाल्यात हेच करतो."

पुढं कितीतरी वर्षं मुलांना तो धडा मी शिकवला नाही, त्यांनीच शिकवला. फळ्यावर मी पेशीतल्या श्वसनाची साखळी काढायची, बाण काढायची, मुलं जांभया द्यायची. मग शिडवाभाऊ पुढं व्हायचे. "मासा उपाशी नाय. पान्यात हवा बी हाय. लाकूड हाय, वारा हाय, पन त्याच्या आतली चूल कोनीतरी इझवली. समजला?" मुलांना समजायचं. परीक्षेत एकानं तसंच लिहिलं आणि मी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले.

त्या वैशाखात त्यांनी मला झरीला नेलं. नाला आटून जागोजागी डोह उरले होते. बायका-पुरुषांनी कसल्याशा झाडाची साल दगडावर कुटली, टोपलीत भरली आणि ती टोपली डोहात उतरून हातांनी चोळली. पाण्याला फेस आला. पण त्याआधी एक म्हातारी खालच्या अंगाला चालत गेली आणि पुढच्या पाड्यापर्यंत हाका घालत आली, की आज पाणी भरू नका, गुरं उतरवू नका. हाक पोहोचल्याशिवाय टोपली बुडवायची नाही, हा त्यांचा नेम. मासे गुंगून वर आले. मोठे घेतले आणि बारके हंड्यात उचलून वरच्या स्वच्छ डोहात नेऊन सोडले. तिथं ते थोडा वेळ पडून राहिले, मग शेपटी हलवून निघून गेले. दुपारी सगळ्यांनी तेच मासे खाल्ले. मीही खाल्ले आणि बोटं चाटली.

ज्यांनी साल चोळली त्यांना काहीसुद्धा झालं नाही. लहानपणापासून शिडवाभाऊंनी हेच पाहिलं होतं. माशाला लागतं ते माणसाला लागत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांच्या हाडात होतं. आणि तिथंच सगळं चुकलं. त्यांची साल वेगळी, माझी बाटली वेगळी. सालीत जे काय होतं ते नाल्याच्या पाण्यात भिजलेलं, पातळ झालेलं. माझ्या बाटलीत गाळून गाळून शुद्ध केलेली, कोरडी, श्वासाबरोबर नाकात जाईल अशी पूड होती. हा फरक त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक होता.

वजन तेच करायचे. माझा हात घाईचा, मी काटा कधी धड स्थिर होऊ दिला नाही. शिडवाभाऊ चमचा बाजूला ठेवायचे आणि अंगठा नि बोट यांच्या चिमटीत पूड घेऊन कण-कण कागदावर सोडायचे. काटा मधोमध येऊन थांबायचा. मी पहिल्या आठवड्यात हातमोजे दिले, तर ते म्हणाले, "मोज्यानं चिमूट कळत नाय, बाई." मी म्हटलं, बरं. आणि वजन झालं की पितळी पारड्यावर राहिलेली धूळ ते तोंडानं फुंकर मारून उडवायचे. फू! रोज. माझ्या डोळ्यांदेखत. ती धूळ उन्हाच्या तिरिपेत उडताना दिसायची आणि त्यांच्याच तोंडावर परत बसायची. अहो, मी पाहत होते ना! पण काम इतकं झकास होत होतं की मला त्यात बोलावंसंच वाटलं नाही. उलट एका चर्चासत्रात मी हे गंमत म्हणून सांगितलं. आमचे परिचर चिमटीनं मिलिग्रॅम तोलतात म्हणून. सगळे कौतुकानं हसले.

एकदा मात्र मी त्यांच्यावर आकाशपाताळ एक केलं होतं. एका टाकीतले मेलेले मासे मोजून जुळेनात. टाकीत सोडले वीस, मेलेले सापडले अकरा, जिवंत एकही नाही. बाकीचे नऊ गेले कुठे? मांजर म्हणावं तर जाळी जागच्या जागी. तीन दिवस मी केस उपटत होते. चौथ्या दिवशी जिन्याखाली झाडू घ्यायला गेले तर तिथं एक निळा टब, वर ओलं फडकं, आणि आत मासे मजेत फिरताहेत. तेही नऊ नव्हेत, चांगले शंभरेक! कितीतरी महिन्यांचे जमलेले. आधीच्या टाक्यांत मी मासे पडायला लागलेला वेळच लिहीत होते, मेलेले मोजायला याच टाकीपासून लागले होते.

"शिडवाभाऊ!"

"तुमचं बघून झालं व्हतं ना?" ते म्हणाले. "टाइम लिवून झाला, पडले ते लिवून झालं. मंग त्यांना मारून काय करनार? चांगल्या पान्यात टाकले तं उठले."

"अहो, किती मेले तेही लिहायचं असतं मला!"

"मंग लिवा ना, जगले म्हनून." 

त्या टाकीचं सगळं काम मला नव्यानं करावं लागलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते डब्यातून नागलीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. माझा राग किती टिकणार? पण ते नऊ मासे नंतर माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण झाले, हेही सांगायला हवं. वेळेत स्वच्छ पाणी मिळालं तर विझलेलं पुन्हा पेटतं, हे मी आकड्यांनी दाखवलं. परीक्षकांना तेच सगळ्यात आवडलं.

आता जे सांगायचंय ते सांगताना माझी जीभ जड होते. चौथ्या वर्षी मी एक शोधनिबंध वाचला. कुठल्याशा परदेशी प्रयोगशाळेत हेच रोटेनोन उंदरांना दिवसेंदिवस थोडं थोडं देत होते. उंदरांचे पाय थरथरायला लागले, चाल अडखळायला लागली. माणसांना होणारा कंपवात उंदरात आणून त्याचा अभ्यास करायला हे रसायन फार उपयोगी आहे, असं लिहिलं होतं. मी तो निबंध दोनदा वाचला. बाजारातून हातमोज्यांचा खोका आणि मास्क आणले, तराजूशेजारी ठेवले आणि म्हटलं, "शिडवाभाऊ, आजपासून हे घालायचं. आणि ती फुंकर बंद."

ते हसले. "आता चार वर्सं झाली, बाई. मला काय झालं?"

तेव्हा मी हट्ट धरायला हवा होता. एरवी फालतू गोष्टींवरून आरडाओरडा करणारी मी, त्या दिवशी गप्प बसले. प्रबंधाची मुदत दोन वर्षांवर आली होती, वजनं भरभर हवी होती, आणि मोजे घातल्यावर त्यांचा हात खरंच मंदावायचा. खोका फडताळात गेला. ते आणखी दोन वर्षं उघड्या हातांनी वजन करत राहिले आणि मी पदवी मिळवली. प्रबंधाच्या सुरुवातीला मार्गदर्शकांचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले, नवऱ्याचे मानले, ज्यानं पूर्ण काळात एकदाही मासा पाहिला नव्हता. शिडवाभाऊंचं नाव नाही. 'प्रयोगशाळेतील कर्मचारी' एवढंच. त्यांनी ते पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि म्हणाले, "लई जाड झालंय."

ते निवृत्त झाले. फोनवर बोलणं व्हायचं. मग मधे बरेच महिने गेले, आणि एका दुपारी ते माझ्या घरी आले. सोबत त्यांची मुलगी वनिता. ती तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. शिडवाभाऊंची पावलं लहान झाली होती, चेहऱ्यावरचं हसू कुठंतरी अडकून बसलं होतं. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता. मी चहा दिला तेव्हा तो काढावा लागला, आणि मी पाहिलं. अंगठा बोटावर घासत होता, थांबता थांबत नव्हता. कागदावर पूड सोडताना घासायचा तसाच.

"वापीच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला," वनिता म्हणाली. "गोळ्या चालू आहेत."

शिडवाभाऊंनी बशी खाली ठेवली. "बाई, एक इचारायचं व्हतं. त्या बाटलीनं झालं का?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. मी शिक्षिकेसारखं बोलायला लागले. उंदरांत असं होतं, शेतात औषधं फवारणाऱ्यांतही दिसलंय, पण एका माणसाला नेमकं कशानं झालं हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, वयानं होतं, घराण्यातही असू शकतं...

"पन बाटलीनं व्हऊ शकतं ना?"

"होऊ शकतं," मी म्हटलं. आणि मान खाली घातली. आता हा माणूस बोलेल, बोलायलाच हवा. शिव्या दिल्या तरी मी ऐकून घेणार होते.

"मंग बरं झालं!" शिडवाभाऊ म्हणाले.

मी वर पाहिलं. अडकलेलं हसू सुटलं होतं. वनिताला झाई गावच्या एका मुलाची मागणी आली होती. मुलगा वायरमन, चांगला. वनितालाही पसंत. पण बापाचा हात हलतो हे त्या लोकांच्या कानावर गेलं आणि त्यांनी निरोप धाडला, की हे घरातलं आहे का? उद्या पोरीला, पोरीच्या पोरांना होईल का? रविवारी ते बोलणी करायला यायचे होते.

"बाटलीचं आसंल तं माझ्यापाशीच संपलं. पोरीला भ्या नाय. तुमी येऊन सांगा, बाई. तुमचं आयकतील."

"बाबा, बाईंना खोटं बोलायला लावू नका," वनिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "त्या लोकांनी नाही म्हटलं लग्नाला तर नाही. मला नाही फरक पडत."

"तुला नाय पडत. मला पडतो."

मी येते म्हटलं. पुढचे चार दिवस मी काय काय विचार केला ते सांगायची लाज वाटते. कॉलेजात कळलं तर? मोजे घालायला लावले नाहीत म्हणून कुणी मला जाब विचारला तर? या वयात, या पदव्या लावून? शास्त्रानं खात्री नसलेली गोष्ट मी खात्रीनं सांगायची का, असाही एक गंभीर प्रश्न मी स्वतःला विचारला. तो प्रश्न खोटा होता. मला माझी चामडी वाचवायची होती, दुसरं काही नाही.

रविवारी मी झरीला गेले. सारवलेल्या अंगणात खाटा टाकल्या होत्या. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची फुई, म्हणजे आत्या, असे तिघे आले होते. शिडवाभाऊ धुतलेला शर्ट घालून भिंतीला टेकून बसले होते. मी उभी राहिले.

"यांचा आजार घरातला नाही," मी म्हटलं. "माझ्या प्रयोगशाळेत विषारी पूड होती. माझ्या अभ्यासाची. ती यांनी सहा वर्षं उघड्या हातांनी तोलली. ती वाईट असते हे मला कळलं होतं. मी यांना थांबवलं नाही. चूक माझी आहे."

मुलाचे वडील जमिनीकडे बघत होते. फुई मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "मग बाई, तुमला काय नाय झाला?"

"नाही."

"कसा काय नाय?"

"मी बाटली उघडतच नव्हते. हे उघडायचे."

फुईनं पदर तोंडाला लावला. मुलाचे वडील उठले, शिडवाभाऊंजवळ जाऊन बसले आणि त्यांचा हलणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरून राहिले. तिथंच लग्न ठरलं. वनिताच्या आईनं आतून गूळ आणला. मलाही दिला. मी तो मुठीतच धरून ठेवला.

निघताना शिडवाभाऊ अंगणाच्या टोकापर्यंत आले. तेवढं चालायलाही त्यांना वेळ लागला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ते हळूच म्हणाले, "बाई, एक सांगू? माझ्या आयेचा हात बी आसाच हालायचा. शेवटी शेवटी."

मी चमकले. "म्हणजे?"

"म्हंजे घरातलंच आसंल. तुमच्या बाटलीनं नाय. पोरीच्या लग्नापायी तुमाला बोलायला लावलं. मनाला लावून घेऊ नका."

काय सांगू, त्या क्षणी छातीवरचा धोंडा उतरला. लाज वाटते, पण पहिली भावना तीच होती. सुटले! मी सुटले. मग लगेच दुसरा विचार आला, की म्हणजे वनिताला... आणि मी आत्ताच सगळ्यांसमोर...

वनिता मला जीपपर्यंत सोडायला आली. रस्त्यात मला राहवेना. मी विचारलं, "वनिता, तुझ्या आजीचा हात हलायचा का गं?"

"आजीचा?" ती हसली. "छे हो! आजी शेवटपर्यंत चिमणीच्या उजेडात सुईत दोरा ओवायची. आम्हाला जमायचं नाही, तिला जमायचं. का हो?"

"काही नाही. सहज विचारलं."

मी मागे वळून पाहिलं. शिडवाभाऊ अजून तिथंच उभे होते. मी बघतेय हे कळल्यावर त्यांनी उजवा हात वर केला. कंपवाताचा हात कामाला लागला की थोडा वेळ स्थिर होतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांचा हात वर होता तोवर अगदी स्थिर होता. मग त्यांनी तो खाली घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. मी जीपमध्ये बसले. त्यांना पाहिलं ते तेव्हाचंच, शेवटचं.